संजाणचा स्मारकस्तंभ: केवळ आगमनाचे स्मरण पुरेसे आहे का?

(चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे नाव दिले आहे.)

वरोळीकाठ

मुंबईहून सुरतेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर घोलवडनंतर महाराष्ट्राची हद्द संपते, उंबरगाव रोड मागे पडते आणि संजाण येते. गाव आजही लहान आहे. मात्र तेथील एका राखीव बागेत जो दगडी स्तंभ उभा आहे, त्याला पारशी समाजाच्या मनात फार मोठे स्थान आहे. इराणातून निघालेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी, म्हणजे पारशांच्या पूर्वजांनी, या किनाऱ्यावर जेथे पहिली स्थिर वस्ती केली ते हे ठिकाण, या श्रद्धेने १९२० साली हा स्तंभ उभारण्यात आला. दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यास येथे ‘संजाण दिन’ साजरा होतो. मुंबई, नवसारी, सुरत, उदवाडा येथून मंडळी येतात, शुभ्र वस्त्रांतील मोबेद (धर्मगुरू) जशन हा प्रार्थनाविधी करतात, पूर्वजांचे स्मरण होते आणि सहभोजन होते. २००० साली आजच्या पारशी जीवनाची ओळख पटवणाऱ्या वस्तूंनी भरलेली एक कालकुपीही येथे ठेवण्यात आली.

आपल्याकडे राजांची आणि लढायांची स्मारके पुष्कळ आहेत, पण बाहेरून आश्रयाला आलेल्या सामान्य कुटुंबांनी एका खेडेगावात बिऱ्हाड मांडले, एवढ्याच गोष्टीसाठी उभारलेले स्मारक दुर्मिळ आहे. म्हणूनच या बागेविषयी मला जिव्हाळा आहे, आणि म्हणूनच तिच्यात जे सांगितलेले नाही त्याची खंतही वाटते. स्तंभ आगमनाची आठवण जपतो. ज्या गावाने त्या लोकांना सामावून घेतले आणि पुढे काही शतके त्यांच्यासह जे गाव नांदले, त्या गावाविषयी ते आवार जवळजवळ मूक आहे.

आगमनाची कथा आपल्याला कळते ती मुख्यतः ‘किस्सा-ए-संजान’ या फार्सी काव्यातून. नवसारीचे मोबेद बहमन कैकोबाद संजाणा यांनी ते १५९९-१६०० च्या सुमारास लिहिले. त्यांच्या कथनानुसार इराणात अरबांची सत्ता आल्यावर धर्म टिकवू पाहणारे लोक शंभर वर्षे कोहिस्तानच्या डोंगरात राहिले, मग १५ वर्षे होर्मुझला, तेथून जहाजाने दीवला येऊन त्यांनी १९ वर्षे काढली आणि पुन्हा समुद्रात उतरले. वाटेत वादळ झाले, तेव्हा सुखरूप किनाऱ्याला लागलो तर आतश बहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा पवित्र अग्नी, स्थापन करू असा नवस त्यांनी बोलला. संजाणच्या जादी राणाने त्यांना आश्रय दिला, पण अटी घातल्या: धर्म समजावून सांगावा, इराणी भाषा सोडून येथील भाषा बोलावी, स्त्रियांनी येथला पोशाख घ्यावा, शस्त्रे खाली ठेवावीत आणि लग्ने संध्याकाळी लावावीत. दुधात साखर विरघळवून दाखवल्याची जी गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे, ती मात्र या काव्यात नाही. ती नंतरच्या परंपरेतून आली आहे.

किस्सा म्हणतो की राणाने दिलेली जागा ओसाड रान होती आणि आलेल्यांनी ती साफ करून नगर वसवले. जमिनीतून जे निघाले ते वेगळे चित्र दाखवते. २००२ ते २००४ या काळात वरोळी नदीच्या खाडीकाठी, संजाण बंदर म्हणतात त्या भागात, तीन हंगाम उत्खनन झाले. साधारण आठव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भरभराटीला असलेले बंदर तेथे उघडे पडले. विटांची बांधकामे मिळाली, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या विहिरी मिळाल्या, काचेच्या बांगड्या आणि मणी मिळाले, चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले, आणि इराण-इराककडून येणारी झिलईची खापरे तर मोठ्या संख्येने मिळाली. यातील एक प्रकार मला विशेष वाटतो. जाड भिंतीचे मोठे रांजण, आतली माती फिकट पिवळसर, वर हिरव्या-निळ्या काचेसारख्या झिलईचा जाड थर. असे रांजण आखाती बंदरांतून माल भरून येत, आणि पश्चिम हिंदी महासागराच्या कितीतरी बंदरांत त्यांचे तुकडे सापडतात. ज्या गावात ती भांडी रोजच्या व्यवहारात होती, ते गाव जगापासून तुटलेले रान खचितच नव्हते.

याच उत्खननात दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवण्याची झरतुष्ट्री वास्तूही सापडली. विटांच्या गोल भिंतीच्या त्या बांधकामात मानवी अस्थी मिळाल्या. काही शतकांपूर्वी येथे जगलेल्या आणि येथेच देह ठेवलेल्या माणसांचा याहून थेट पुरावा दुसरा असू शकत नाही. बागेत येणाऱ्या मुलाला स्तंभ दिसतो, पण त्याच गावात ही माणसे प्रत्यक्ष सापडली आहेत हे त्याला कोणी सांगत नाही.

माझी सूचना अशी आहे की बागेत, स्तंभाला कोणताही धक्का न लावता, संजाण बंदराची कथा सांगणारे फलक असावेत, आणि खाडीकाठच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या मातीच्या) टेकाडांना संरक्षण मिळावे. तेथील विटा आणि खापरे कडेच्या कापलेल्या मातीत उघडी पडतात, भरतीचे पाणी त्यांना ओढून नेते. यावर जाणकारांनी आपले मत मांडावे, अशी विनंती आहे.

ताम्रपट

वरोळीकाठ, विषय अत्यंत योग्य निवडलात. संजाण बंदराविषयी लिखित पुरावाही आहे, आणि तो महाराष्ट्रातच सापडला आहे, म्हणून भर घालतो.

डहाणूजवळच्या चिंचणी गावी काही ताम्रपट मिळाले. त्यांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यात ‘संयान मंडला’चा, म्हणजे संजाण परिसराचा, कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मधुमती असे दिले आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद. तो ‘ताजिक’ होता, म्हणजे पश्चिम आशियातून आलेल्या मुसलमानांपैकी होता, आणि हे मंडल त्याला दुसऱ्या कृष्णाने दिले होते. त्याच्या वडिलांचे नाव ताम्रपटात ‘सहियारहार’ असे येते. त्यामागे शहरियार हे इराणी नाव असावे, असे विद्वानांचे मत आहे.

या अधिकाऱ्याने काय केले हे ताम्रपट सांगतो. त्याने नदी ओलांडण्यासाठी विनामूल्य नावेची सोय केली आणि एक अन्नछत्र घातले, जेथे वाटसरूंना साळीच्या तांदळाचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळे. एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला (लहान मठाला) जमीनही दान दिली गेली. म्हणजे कन्नड देशातला सम्राट, त्याचा मुसलमान अधिकारी, ब्राह्मणाची मठिका, देवीचा दिवा आणि त्याच परिसरात झरतुष्ट्र्यांची वस्ती, हे सर्व दहाव्या शतकातल्या एका गावात एकत्र नांदत होते. पुढच्या, शके ९५६ च्या म्हणजे इ. स. १०३४ च्या ताम्रपटात चामुंडराज नावाच्या मांडलिकाने याच मठिकेला दिव्याच्या तेलासाठी घाणा दान दिल्याचा उल्लेख आहे.

अरबी लेखकही या बंदराला ओळखत होते. नवव्या शतकातला बलाधुरी ‘सिंदान’ या नावाने त्याची हकीकत देतो: फझल बिन महान याने ते घेतले, तेथे जामा मशीद बांधली आणि खलिफा मामून याच्याकडे हत्ती पाठवला. सिंदान म्हणजे संजाण हे आता बहुतेकांना मान्य आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या दानपत्रांतही ‘हंयमन’ किंवा ‘हंजमन’ असा उल्लेख येतो. काही संशोधकांच्या मते तो झरतुष्ट्र्यांच्या अंजुमनचा (समाजसभेचा) निर्देश आहे, तर काहींच्या मते तो संजाण नगराचाच आहे.

आणखी एक गोष्ट. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये लेणी पाहायला आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. ते लोक संजाणचेच होते असा दावा मी करणार नाही, पण अकराव्या शतकाच्या आरंभी उत्तर कोकणात हा समाज मोकळेपणाने फिरत होता, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

गुलबहार

मी पारशी आहे आणि पुण्यात वाढले, त्यामुळे हा धागा मी दोन्ही बाजूंनी वाचते आहे. वरोळीकाठ यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, परंतु त्यांच्या मांडणीतील एका गोष्टीशी मी सहमत नाही.

संजाणचा स्तंभ हे संग्रहालय नाही. ते कृतज्ञतेचे स्थान आहे. लेखात ज्याला आगमनाची आठवण म्हटले आहे, तिच्यात आमच्यासाठी अनेक शतकांचा प्रवास सामावलेला आहे. संजाणला स्थापन झालेला इराणशाह, म्हणजे तोच नवसाचा अग्नी, पुढे संजाण उद्ध्वस्त झाल्यावर बाहरोटच्या डोंगरात नेण्यात आला. तेथे १२ वर्षे, मग वांसद्याला १४ वर्षे, मग नवसारीला, मधल्या धामधुमीच्या काळात सुरतेला, नंतर वलसाडला आणि अखेर १७४२ मध्ये उदवाड्याला. तो आजही तेथे प्रज्वलित आहे. किस्स्यात असेही आहे की सुलतानाचा सरदार अलफखान चालून आला तेव्हा अर्देशीरच्या नेतृत्वाखाली १४०० पारशी हिंदू राजाच्या बाजूने लढले. अटींमध्ये खाली ठेवलेली शस्त्रे त्यांनी आश्रय देणाऱ्यासाठी पुन्हा हाती घेतली. जशनाच्या वेळी आम्ही त्या राजाचे आणि त्या प्रजेचे नाव घेतो. तेव्हा गावाला विसरलो, असे म्हणणे मला थोडे कठोर वाटते.

दुसरे असे की २०११ च्या जनगणनेत भारतात आमची संख्या ५७,२६४ होती. २००१ मध्ये ती ६९,६०१ होती. इतक्या लहान समाजाने शंभर वर्षांहून अधिक काळ एक बाग राखली, झाडे वाचवली आणि दरवर्षी तेथे येण्याचा नेम सोडला नाही, याचे मोल आधी मानले पाहिजे. फलकांची सूचना चांगली आहे. मात्र ते फलक श्रद्धेच्या जागी पुराव्यांची उलटतपासणी करत बसणार असतील, तर ती जागा त्यासाठी नव्हे.

वरोळीकाठ

गुलबहार, आपला प्रतिवाद मला महत्त्वाचा वाटतो. स्मारक राखण्यामागचे श्रम मी कमी लेखत नाही. त्या समाजाने ही बाग उभारली नसती, तर आज संजाणला उतरून काही पाहण्याचे कारणच सामान्य प्रवाशाला उरले नसते.

तरीही मी माझा मुद्दा सोडत नाही. उदवाड्याच्या आतश बहराममध्ये इतरांना प्रवेश नाही, आणि तो नियम मी पूर्ण मानतो. संजाणचा स्तंभ हे अग्निमंदिर नाही. म्हणूनच पारशी आणि इतर यांना एकत्र उभे राहून हा इतिहास समजून घेण्यासाठी याहून योग्य जागा नाही. उदवाड्याला झरतुष्ट्री माहिती केंद्र आहे आणि तेथे इतर धर्मांचे लोकही जातात. तसे काही, लहान प्रमाणात का होईना, संजाणला व्हावे.

राहिला पुराव्यांचा प्रश्न. दख्म्यात मिळालेल्या अस्थींवर जनुकीय अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे संशोधक त्यात होते. त्या नमुन्यांपैकी सुमारे ४८ टक्के नमुन्यांत आईकडून येणारा वारसा दक्षिण आशियाई निघाला. नमुने थोडे होते, त्यामुळे नेमक्या टक्केवारीवर फार भार टाकू नये. पण त्याचा अर्थ मला हेलावून टाकतो. आलेल्या कुटुंबांत या मातीतल्या स्त्रियाही होत्या. त्या आया झाल्या, त्यांची मुले कस्ती (कमरेची पवित्र दोरी) बांधू लागली आणि शेवटी त्यांचे देहही दख्म्यातच ठेवले गेले. ज्यांना आपण पहिले वस्तीकर्ते म्हणतो, त्यांच्यात या स्त्रिया धरायला नकोत का? त्या कोणत्याही जहाजातून आल्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर कोणी किस्सा लिहिला नाही. फलकावर त्यांच्यासाठी दोन ओळी असाव्यात, इतकेच मी मागतो आहे. यात श्रद्धेची उलटतपासणी होत नाही. स्मरणाचे क्षेत्र थोडे वाढते.

बोर्डीकर

आमचे गाव बाहरोटच्या पायथ्याच्या बाजूला असल्यामुळे त्या भागाविषयी लिहितो. बाहरोट पालघर जिल्ह्यात आहे, म्हणजे या कथेचा दुसरा अंक पूर्णपणे महाराष्ट्रात घडतो. असावलीच्या धरणाच्या बाजूने वाट चढते. खालचा भाग झाडीचा आहे, वर गेल्यावर कातळ लागतो आणि माथ्याजवळ खडकात कोरलेल्या गुहा व पाण्याची टाकी आहेत. पारशी मंडळी तेथेही जशनासाठी जातात, आणि वयस्कर माणसेही निष्ठेने चढतात हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पावसाळ्यात वाट निसरडी होते. थंडीच्या दिवसांत सकाळी लवकर निघणे उत्तम.

वरच्या टाक्यांतले पाणी पाहिले की किस्स्यातली १२ वर्षे समजतात. अग्नी अखंड ठेवायचा म्हणजे सुकी लाकडे रोज लागणार, पाणी रोज लागणार, धान्य खालून वर यायला हवे. त्या रानात बाहेरून आलेल्या माणसांना रानातल्या माणसांच्या मदतीशिवाय इतका काळ राहता आले असेल, असे मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पण त्या डोंगरावर चढलेल्या कोणालाही तो पटेल.

आमच्या भागात पारशी आणि इराणी यांतला फरकही लोक जाणतात. इराणी कुटुंबे फार नंतर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासून पुढे आली. घोलवड, बोर्डी, डहाणू येथे त्यांनी चिकूच्या वाड्या केल्या. एका स्तंभाखाली सर्वांची गोष्ट एकच समजणे बरोबर होणार नाही.

माझी सूचना अशी की संजाणच्या बागेत बाहरोटची दिशा आणि वाट दाखवणारा नकाशा असावा. संजाण, बाहरोट आणि चिंचणी ही तिन्ही ठिकाणे एका दिवसाच्या फेरीत बसतात. आज संजाणला आलेला माणूस स्तंभ पाहून पुढची गाडी पकडतो, कारण जवळच आणखी काही आहे हे त्याला कळतच नाही.

मधुमालती

माझा एक साधा प्रश्न आहे. आगमनाचे वर्ष कोणते मानायचे? लहानपणी मी इ. स. ७१६ वाचले होते, नंतर एका ठिकाणी ७८५ आणि आणखी एका ठिकाणी ९३६ असे वाचले. फलक लावायचा झाला, तर त्यावर काय लिहिणार?

ताम्रपट

मधुमालती, प्रश्न साधा असला तरी उत्तर साधे नाही. किस्स्यात आगमनाची तारीख दिलेली नाही. केवळ मुक्कामांची वर्षे दिली आहेत. ती कोठून मोजायची यावर उत्तर बदलते. ७१६ हे वर्ष परंपरेने फार रूढ झाले आहे. शहापूरशहा होरमसजी होडीवाला या चिकित्सक इतिहासकाराने साधनांची छाननी करून ९३६ हे वर्ष सुचवले, आणि त्यांचे ते लेखन १९२० मध्ये, म्हणजे स्तंभ उभा राहिला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. अलीकडच्या उत्खननात वस्तीचे सर्वांत खालचे थर आठव्या शतकाकडे निर्देश करतात, त्यामुळे जुन्या तारखेचे पारडे थोडे जड झाले आहे. पण बंदर जुने असणे आणि झरतुष्ट्री तेथे त्याच काळी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते त्यांच्या येण्याला एकच तारीख असण्याचे कारणही नाही. आखातातली जहाजे दरवर्षी मोसमी वाऱ्यावर या किनाऱ्याला येत होती. व्यापारी आले असतील, त्यांनी येथली माहिती परत नेली असेल आणि मग छळाला कंटाळलेली कुटुंबे टप्प्याटप्प्याने आली असतील. एका वादळाची आणि एका जहाजाची कथा समाजाच्या स्मृतीत राहते, कारण ती सांगता येते.

संजाणच्या अंताबाबतही असाच वाद आहे. १४६५ हे वर्ष आणि गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याचे नाव नेहमी घेतले जाते. पण खाडीकाठची वस्ती चौदाव्या शतकाच्या आरंभीच ओस पडलेली दिसते, त्यामुळे संजाणवरचा हल्ला त्याआधीच्या दिल्लीच्या सुलतानांच्या काळातला असावा, असे अनेकांना वाटते. फलकावर एकच वर्ष ठोकून लिहिण्याऐवजी ‘आठवे ते दहावे शतक’ असे लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटेल.

तलासरीचे गुरुजी

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक बाजू अजून आलेली नाही. १ मे १९६० पूर्वी संजाण ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव तालुक्यात होते. राज्ये वेगळी झाली तेव्हा त्या तालुक्याची गावे वाटली गेली आणि संजाण गुजरातेत गेले. आमची तलासरीची बाजू महाराष्ट्रात राहिली. माणसे, नाती, बोली आणि दैवते मात्र दोन्हीकडे तीच आहेत. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, किनाऱ्यावरचे मांगेला आणि कोळी, ही या मुलखाची मूळ वस्ती.

याच उंबरगाव-डहाणू पट्ट्यात १९४५ साली वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने मे महिन्यात झरी येथे सभा भरली आणि वेठबिगार करणार नाही असा निर्धार वारल्यांनी केला. त्यांच्या श्रमावर जगणाऱ्या जमीनदारांत, सावकारांत आणि जंगलाच्या ठेकेदारांत अनेक समाजांची माणसे होती. पारशी आणि इराणीही होते. कित्येक शतकांपूर्वी जीव मुठीत घेऊन आलेल्या कुटुंबांवर विसाव्या शतकातल्या जमीनदारीचा दोष टाकण्याचा माझा अजिबात हेतू नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. पण त्या मुलखातल्या पहिल्या वस्तीकर्त्यांचे स्मारक असे म्हटले की आमच्या शाळेतली वारली मुले विचारतात, ‘गुरुजी, त्यांच्या आधी येथे कोणी राहत नव्हते का?’ मला या प्रश्नाचे उत्तर त्या बागेतही वाचायला मिळावे असे वाटते.

किस्स्यात ती जागा रान होती असे लिहिले आहे, आणि वरोळीकाठ यांनी उत्खननाच्या आधारे ते खोडले. मी त्यात एवढेच जोडतो की बंदराच्या बाहेर खरोखरच रान होते आणि त्या रानातही माणसे होती. बंदरातले लाकूड, मध, कोळसा, जहाजबांधणीचा साग हे सगळे कोठून येत असेल? मागच्या डोंगरांतूनच. ती माणसे ताम्रपटात येत नाहीत, खापरांवर त्यांचे नाव नसते, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिताना पुराव्याची मर्यादा मान्य करावी लागते. तरी त्यांचा उल्लेखच टाळणे योग्य नाही.

गुलबहार

गुरुजी, आपण ज्या संयमाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार मानते. १९४५ चा विषय आमच्या घरांत फारसा निघत नाही, आणि तो निघायला हवा, असे मला वाटते. आपल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मला टाळता येण्यासारखा वाटत नाही.

वरोळीकाठ यांनी दख्म्यातल्या स्त्रियांविषयी जे लिहिले, त्यावरही मी विचार केला. आमच्या समाजात कोण पारशी आणि कोण नाही हा प्रश्न आजही फार दुखरा आहे. आंतरधर्मीय विवाह केलेल्या स्त्रियांनी त्यासाठी न्यायालयाची पायरी चढली आहे. त्यामुळे या अभ्यासाचा उल्लेख स्मारकात झाला, तर तो काहींना आवडणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. तरीही माझे स्वतःचे मत असे आहे की त्या स्त्रिया आमच्या आज्या होत्या आणि त्यांचे नाव घेण्यात कमीपणा नाही.

आरंभी मी जे म्हटले त्यातला एक भाग मी कायम ठेवते: स्तंभाजवळ, जेथे जशन होते त्या चौथऱ्याजवळ, काहीही लावू नये. फलक प्रवेशाच्या वाटेवर असावेत.

वरोळीकाठ

गुलबहार यांची ही अट मला पूर्ण मान्य आहे. चौथऱ्याची जागा जशनाची आहे आणि ती तशीच राहावी.

आतापर्यंतच्या सूचना धरून मला सुचलेली व्यवस्था मांडतो. प्रवेशाच्या वाटेवर पहिला फलक बंदराचा असावा: उत्खननाचा आराखडा, झिलईच्या रांजणाचे छायाचित्र आणि चिंचणीच्या ताम्रपटातला अन्नछत्राचा भाग, मूळ संस्कृत ओळी आणि त्यांचा अर्थ यांसह. अन्नछत्राचा भाग मी मुद्दाम म्हणतो, कारण भात, कालवण आणि तूप यांतून त्या गावाचा पाहुणचार लहान मुलालाही समजेल. दुसरा फलक आगमनाचा, किस्स्याच्या आधारे, आणि ही समाजाने जपलेली कथा आहे असे स्पष्ट सांगून. तिसरा फलक या मुलखातल्या आधीच्या माणसांचा आणि दख्म्यातल्या स्त्रियांचा. त्याचा मजकूर गुरुजींसारख्या शिक्षकांनी मुलांना विचारून लिहावा, बाहेरून आलेल्या एखाद्या तज्ज्ञाने नव्हे. बाहरोटचा नकाशा शेवटी.

भाषेचा प्रश्न उरतो. गुजराती आणि इंग्रजी असणारच. संजाण १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते आणि आजही सीमेपलीकडून येणारे बहुतेक शाळकरी मुलांचे गट मराठी माध्यमाचे असतात, त्यामुळे मराठी हवी. वारली बोलीत किमान तिसरा फलक असावा.

टेकाडांच्या संरक्षणाचे काम मात्र फलकांच्या आधी व्हायला हवे. फलक उशिरा लागले तरी चालतील, पण खाडीने नेलेला थर परत मिळत नाही. तेथील जमीन कोणाकोणाची आहे, आणि राज्य पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करायचा तर त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो का, याची माहिती येथे कोणाला असल्यास कृपया लिहावी. उत्खननाच्या वेळी ज्या शेतकऱ्यांनी आपली जमीन खणू दिली, त्यांच्या संमतीशिवाय काहीही करू नये, हे माझ्या दृष्टीने पहिले कलम आहे.

तलासरीचे गुरुजी

ठरावाविषयी मी आमच्या बाजूला चौकशी करतो, पण संजाण गुजरातेत असल्यामुळे तेथील पद्धत वेगळी असू शकेल. उंबरगाव तालुक्यात ओळखीचे शिक्षक आहेत. त्यांना विचारून येथे लिहीन. तिसऱ्या फलकाच्या मजकुरासाठी मुलांकडून प्रश्न लिहून घेण्याचे काम या सत्रातच सुरू करता येईल. उत्तरे नंतर शोधू.

बोर्डीकर

बाहरोटच्या वाटेचा नकाशा मी काढून देतो. असावलीकडून चढणारी वाट आणि पाण्याची टाकी त्यात दाखवीन, आणि पावसाळ्यात कोणता भाग टाळावा तेही लिहीन.